परदेशी जाणारी शिक्षिका

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाला बाहेरगावच्या एखाद्या विदुषीला बोलवावे ही आपल्या मंडळाची रीत. यंदा ते जमले नाही, आणि कार्यकारिणीने मला उभे केले. मी विदुषी नव्हे. संसार सांभाळून चार पुस्तके वाचणारी तुमच्यातलीच एक आहे. तेव्हा बोलण्यात काही उणे-अधिक झाले तर घरचीच म्हणून सांभाळून घ्या.

विषय मला शोधावा लागला नाही, तो दारात चालत आला. आपल्या एका भगिनीची कन्या इंग्रजी विषय घेऊन शिक्षिका होण्याचे शिक्षण घेत आहे. तिला स्पेन देशातल्या एका शाळेत एक वर्ष सहायक शिक्षिका म्हणून जाण्याची संधी आली आहे. घरात दोन तट पडले आहेत. आजी म्हणतात, आधी लग्नाचे बघा. वडील म्हणतात, जाऊ द्या. आई सकाळी एका तटात असते आणि संध्याकाळी दुसऱ्या. त्या घरच्यांना विचारूनच मी हे बोलते आहे, मात्र नाव घेत नाही. नावाची जरूरही नाही, कारण आज एकीच्या घरी आलेला प्रश्न उद्या दुसरीच्या घरी येणार आहे.

गेल्या हळदीकुंकवाला हा विषय निघाला तेव्हा तीन प्रश्न माझ्या कानांवर आले. पहिला, इंग्रजी शिकवायला शिकायचे तर इंग्लंड सोडून स्पेन कशाला? दुसरा, आपल्या मनमाडच्या मुलीचे इंग्रजी ते काय, आणि ती गोऱ्या मुलांना काय शिकवणार? आणि तिसरा, जो हळू आवाजात विचारला गेला, एकटी तिकडे राहून ती आपली राहील काय? तिन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. त्यांची टिंगल करणे सोपे आहे, पण मला ते करायचे नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. इंग्लंडात मूल पाळण्यात असल्यापासून इंग्रजी ऐकते. पोहायला कसे शिकवावे हे शिकायचे असेल तर मासोळ्यांच्या गावी जाऊन काय उपयोग? ज्यांना ती भाषा येत नाही आणि ज्यांना ती शिकायची आहे, त्यांच्यातच शिकवण्याचा सराव होतो. स्पेनमधल्या मुलांची भाषा स्पॅनिश. आपल्या मुलांप्रमाणे त्यांनाही इंग्रजी शाळेतच शिकावी लागते. म्हणून तिथल्या शाळांतून परदेशी भाषा-सहायक नेमण्याची पद्धत आहे. सहायकाला साधारणपणे आठवड्यास १२ ते १६ तास काम असते आणि ते ऑक्टोबर ते मे या काळात चालते. वर्गाची जबाबदारी मूळ शिक्षकाचीच. सहायकाने त्याच्या जोडीला उभे राहून मुलांना बोलते करायचे, उच्चार घोटून घ्यायचे, आपल्या देशाविषयी चार गोष्टी सांगायच्या. मानधन मिळते, त्यात काटकसरीने राहता येते. साठवून घरी पाठवण्याइतके उरेल असे मात्र कोणी धरून चालू नये.

आता दुसरा प्रश्न. आपली मुलगी काय शिकवणार? भगिनींनो, इथे मला जरा व्याकरणात शिरावे लागेल. कंटाळू नका, चहाचेच उदाहरण देते. आपण म्हणतो, ‘मला चहा आवडतो.’ इंग्रज म्हणतो, ‘आय लाइक टी’, म्हणजे शब्दशः ‘मी चहा आवडतो’! आपली पोरे इंग्रजी शिकताना नेमकी इथे अडखळतात, कारण आपल्याकडे ‘मी’चा ‘मला’ होतो आणि क्रियापद चहाच्या मागे जाते. स्पॅनिश माणूस काय म्हणतो? तो म्हणतो, ‘मे गुस्ता एल ते’. ‘मे’ म्हणजे ‘मला’, ‘ते’ म्हणजे चहा. आवडणारी वस्तू एकाहून अधिक झाली की ‘गुस्ता’चे ‘गुस्तान’ होते, जसे आपल्याकडे आंबा आवडतो आणि आंबे आवडतात. म्हणजे आपण जिथे ठेचकाळतो त्याच दगडाला स्पेनचे मूलही ठेचकाळते. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला तो दगड दिसतच नाही. आपल्या मुलीला तो दिसतो, कारण तिच्या पायाला तो लागलेला आहे.

आणखी ऐका. इंग्रजीत लहान-थोर सर्वांना एकच ‘यू’. आपल्याकडे ‘तू’ आणि ‘तुम्ही’. स्पॅनिशमध्येही दोन आहेत. जवळच्या माणसाला ‘तू’, अगदी आपलाच शब्द, आणि मान द्यायचा तर ‘उस्तेद’. आपल्याकडे खुर्ची ‘ती’ असते, त्यांच्याकडेही खुर्ची ‘ती’च. त्यांच्या तोंडी शब्दाच्या आरंभी ‘स’ला जोडलेले अक्षर सहसा बसत नाही. शाळेला ते ‘एस्कुएला’ म्हणतात आणि आपल्या देशाला ‘एस्पान्या’. म्हणून त्यांची मुले इंग्रजी ‘स्कूल’चे ‘एस्कूल’ करतात. उत्तरेकडच्या गाड्यांतून येणाऱ्या कित्येक प्रवाशांच्या तोंडून ‘इस्कूल’ आणि ‘इस्टेशन’ ऐकलेल्या मनमाडकरांना याचे नवल वाटू नये! पोर्तुगीजांनी आपल्याला पाव आणि बटाटा हे शब्द दिले. त्यांची भाषा आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी. स्पॅनिशमध्ये पावाला ‘पान’ आणि बटाट्याला ‘पाताता’ म्हणतात. सांगायचे ते इतकेच की, आपली मुलगी रिकाम्या हाताने जात नाही. तिची मराठी हेच तिचे भांडवल आहे. ज्या बाईला आपली भाषा नीट येते तिला दुसऱ्याची अडचण लवकर उमगते.

शिवाय स्पेन हे नाव मनमाडला परके नाही. वडीलधाऱ्या मंडळींना फादर विन्सेंट फेरर आठवत असतील. बार्सिलोना येथे १९२० साली जन्मलेले हे गृहस्थ १९५२ मध्ये मुंबईस आले, आणि पुढे आपल्या या कोरड्या मुलखात शेतकऱ्यांना विहिरी खोदण्यास साहाय्य करीत राहिले. पाण्याची किंमत मनमाडच्या बाईला कोणी समजावून सांगायला नको. १९६८ साली त्यांना देश सोडण्याचा हुकूम झाला तेव्हा हजारो शेतकरी त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले. पुढच्याच वर्षी ते भारतात परतले, आणि आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यात २००९ साली देह ठेवीपर्यंत काम करीत राहिले. त्यांच्याविषयी त्या काळी मतभेद होते, ते मी उकरीत नाही. पण स्पेनमधल्या कोण्या आईने आपला मुलगा इतक्या दूर जाऊ दिला आणि त्याचा उपयोग आपल्या शिवाराला झाला, हे खरे ना? मग आपली मुलगी वर्षभर त्यांच्या मुलांना शिकवायला गेली तर ती उलट भेटच म्हणायची.

आता तिसरा प्रश्न, जो सगळ्यांत खोल आहे. ती आपली राहील काय? याचे उत्तर माझ्या पदरचे देण्यापेक्षा, सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी याच वाटेने गेलेल्या आपल्या एका बाईची हकीकत सांगते. शिक्षिका होण्याचे शिक्षण घेण्यासाठी घराबाहेर पडणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. सावित्रीबाई फुले त्यासाठी तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मिस फरार यांच्याकडे गेल्या होत्या. त्या मिस फरार स्वतः अमेरिकेहून शिकवायला आल्या होत्या. पण समुद्र ओलांडून गेलेली आपली शिक्षिका म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले, आणि आईने मुलीला. आईवडील दुष्काळात गेले. भाऊ गेला. लग्नानंतर दोन वर्षांच्या आत, १८८२ मध्ये, पतीही गेला. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी. त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. त्या साक्षीत त्यांनी शिक्षिकांविषयी जे मागितले ते आजही ऐकण्यासारखे आहे. शिक्षिकेला स्वतःच्या भाषेचे शुद्ध ज्ञान असावे, जोडीला इंग्रजीही यावे, शिकत असताना तिला चांगली शिष्यवृत्ती द्यावी, आणि तिचा पगार पुरुष शिक्षकाहून अधिक असावा! आधी आपली भाषा, मग इंग्रजी, हा क्रम ध्यानात ठेवा.

१८८३ च्या एप्रिलमध्ये दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला निघाल्या. पैसा कोठून आला? ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक त्यांनी स्वतः लिहिले होते, त्याच्या विक्रीतून. प्रवासाला महिन्याच्या आसपास वेळ लागला. वाँटेज गावी जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. तिथली बोली अशी होती की, रमाबाईंनी इंग्रजी शिकावे आणि हिंदुस्थानात यायच्या असलेल्या जोगिणींना मराठी शिकवावे. पाहा, फुकट काही नाही! घेणे आणि देणे दोन्ही बरोबरीने. डॉक्टर होण्याचा त्यांचा मानस होता, पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येऊ लागले आणि तो बेत सोडावा लागला. म्हणून त्या शिक्षणाकडे वळल्या. १८८४ पासून चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजात डोरोथिया बील या नामांकित बाईंच्या हाताखाली त्या स्वतः शिकल्या आणि तिथेच त्यांनी संस्कृत शिकवले. एकाच इमारतीत एका तासाला विद्यार्थिनी आणि दुसऱ्या तासाला शिक्षिका.

तिथे एक प्रसंग झाला. तरुण इंग्रज पुरुषांना त्यांनी शिकवावे की नाही हा प्रश्न निघाला. हिंदुस्थानातल्या गोऱ्या बिशपांनी हरकत घेतली की, त्यामुळे स्वदेशी त्यांच्या नावाला बट्टा लागेल. रमाबाईंनी बीलबाईंना रोखठोक कळवले की, आपली आई आणि आपण पुरुषांना शिकवीत होतो, त्याला आपल्या वडिलांनी किंवा पतीने कधी आक्षेप घेतला नाही, मग या परक्यांनी का घ्यावा? ज्यांच्या आश्रयाला राहायचे त्यांनाच हे ऐकवायला छाती लागते. तिकडे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. पण शाकाहार सोडला नाही, आणि गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे नकोत, संस्कृत हवीत, असा आग्रह धरला.

धर्मांतराने महाराष्ट्रात गदारोळ उठला, हे मी लपवीत नाही. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, तर बाकी पुष्कळांनी पाठ फिरवली. श्रद्धा हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, त्याचा निवाडा मी करणार नाही. मला फक्त पुढचे पाहायचे आहे. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाला त्या अमेरिकेत फिलाडेल्फियास गेल्या, आणि तिकडे लहान मुलांना खेळातून शिकवण्याची फ्रोबेलची बालोद्यान पद्धती त्यांनी अभ्यासली. त्यांना तिकडे राहणे सहज शक्य होते. व्याख्यानांना गर्दी होती, मान होता. तरी १८८९ मध्ये त्या परत आल्या, आणि त्याच वर्षी ११ मार्चला मुंबईत शारदा सदन उघडले. अमेरिकेवरचे पुस्तक लिहिले तेही मराठीत, आपल्या बायकांनी वाचावे म्हणून.

त्या सदनात दाखल झालेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्याच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, सर्वांच्या बाया कर्वे झाल्या. त्यांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी हिंगण्याच्या आश्रमासाठी आयुष्य वेचले, आणि १९१८ साली, वयाच्या ४८ व्या वर्षी, इंग्रजी शिकण्यासाठी एकट्या अमेरिकेला गेल्या. तिकडे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या आणि परत येऊन पुन्हा आश्रमाच्या कामाला लागल्या. त्यांची ‘माझी कहाणी’ मिळाली तर जरूर वाचा. एक बाई परदेशी शिकायला गेली, तर तिच्या मागे दिव्याला दिवा असा लागत गेला.

पण भगिनींनो, केवळ दिव्यांचीच गोष्ट सांगितली तर मी तुम्हांला फसवले असे होईल. रमाबाईंबरोबर आनंदीबाई भगत नावाची एक मैत्रीण वाँटेजला गेली होती. तिच्या मनावर इतका ताण आला की, त्याच वर्षी तिने तिथे आत्महत्या केली. एकाच घरात राहणाऱ्या दोघी. एक तरली आणि एक बुडाली. तेव्हा परदेश सर्वांना सारखाच मानवतो असे समजू नये. रमाबाई थोर होत्या म्हणून तरल्या, हे म्हणणेही पुरेसे नाही. मन मोकळे करायला माणूस लागते. त्या बिचारीचे मन तिथे कोणी ऐकले की नाही, देव जाणे.

म्हणून मुलीच्या आईला आणि आपल्या मंडळाला मला थोडे व्यवहाराचे सांगायचे आहे. जाण्यापूर्वी नेमणुकीचे पत्र हाती हवे. त्यात शाळेचे नाव, तास आणि मानधन स्पष्ट लिहिलेले असावे. शिक्का पाहून खूश न होता ते दोनदा वाचावे. राहण्याच्या खोलीचा करार लेखी असावा. पहिले मानधन हाती पडायला वेळ लागू शकतो, म्हणून दोन महिने निभेल इतका पैसा बरोबर असावा. पासपोर्ट कोणाच्याही हवाली करू नये. अडचणीत तिकडे ११२ हा क्रमांक आहे, आणि माद्रिदला आपला वकिलात आहे, त्यांचा पत्ता आईच्याही वहीत असावा. मांस-मासे खात नसेल तर ते सांगण्यापुरते स्पॅनिश इथूनच पाठ करून जावे. त्यांच्याकडे दुपारचे जेवण दोन-तीन वाजता आणि रात्रीचे नऊनंतर असते, तेव्हा उपाशी राहून लाजू नये.

आणि आईने काय करावे? आता पत्राला महिना लागत नाही, फोनवर तोंड दिसते. पण तोंड दिसले म्हणजे मन दिसले असे नव्हे. ‘जेवलीस का’ हे रोज विचाराच, पण आठवड्यातून एकदा ‘रडलीस का’ हेही विचारा. नाही जमले आणि ती मध्येच परत आली, तर दार उघडे आहे हे तिला जाण्यापूर्वीच सांगून ठेवा. आणि आपण शेजारणींनी तेव्हा ‘आलीस का इतक्यात?’ असे विचारू नये. मुली परदेशात जितक्या खचत नाहीत तितक्या या एका प्रश्नाने खचतात.

आजींना माझे हात जोडून सांगणे आहे. लग्नाची काळजी वावगी नाही. पण एक वर्ष म्हणजे काही जन्म नव्हे. आणि ज्या मुलीने परक्या गावात भाडे भरले, वर्ग सांभाळला, चाळीस अनोळखी डोळ्यांपुढे उभे राहून बोलली, तिचा संसार काही त्यामुळे बिघडत नाही, उलट सावरतोच.

शेवटी मुलीला. बाई गं, शिकवायला जाणाऱ्याने आधी शिकायचे असते. वर्गशिक्षिकेच्या मागे उभी राहशील तेव्हा तिचा हात पाहा. फळ्यावर काय लिहिते आणि काय लिहीत नाही, वात्रट पोराला कसे धरते, मुके मूल कसे बोलते करते. तिथे तुला कोणी तुझे इंग्रजी कमी लेखले तर रागावू नकोस, चूक असेल तर सुधार आणि नसेल तर रमाबाईंसारखे शांतपणे सांग. आणि परत आलीस की, मंडळाच्या या खोलीत शनिवारी संध्याकाळी आपल्या मराठी शाळांतल्या मुलांना बोलायचे इंग्रजी शिकव. जाजम आम्ही घालू, फळा आम्ही आणू. ‘मला चहा आवडतो’ याचे इंग्रजी करताना आपली पोरे का अडतात, हे तुझ्याइतके तेव्हा कोणाला कळणार आहे?

मनमाडच्या स्टेशनावर रात्रंदिवस गाड्या येतात आणि जातात. आपण सगळ्यांनी त्या निरोप देतानाही पाहिल्या आहेत आणि आणायला जातानाही पाहिल्या आहेत. ही मुलगी मुंबईच्या गाडीत बसेल त्या दिवशी पोहोचवायला आपल्यातल्या चार जणी तरी जाऊ. आणि पुढल्या उन्हाळ्यात ती परतेल तेव्हा आणायला सगळ्याजणी जाऊ. तिच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ती देणारच आहे, पण त्यातले अर्धे उत्तर आपल्या हाती आहे. आपण तिला आपली मानली तर ती आपली राहील.